अलेक्झांड्रुपोली : सगळ्यांना जिथून फक्त पुढं जायचं असतं

गेल्या पाच-सहा वर्षांत हे नाव बातम्यांत सारखं डोकावतंय, आणि दर वेळी वेगळ्याच पानावर. युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकी लष्कराचं सामान ग्रीसच्या या बंदरात उतरत होतं. पुढच्या वर्षी युरोपीय संघातला सगळ्यात मोठा वणवा इथंच लागला. मग गॅसचं एक मोठं जहाज इथल्या समुद्रात बांधून ठेवलं गेलं. मधूनमधून सीमेवरच्या निर्वासितांच्या बातम्या असतातच. नाव उच्चारायला जड, नकाशात पटकन सापडत नाही, म्हणून आपण पान उलटतो.

साठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आपल्या हिशेबात एखादं मोठं तालुक्याचं ठिकाण. एवढ्याशा जागेत अमेरिका, रशिया, तुर्की आणि बल्गेरिया या सगळ्यांचा जीव का अडकलाय? गॅसपासून सुरुवात केली तर हे कळत नाही, नकाशापासून करावी लागते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या गावाची ओढ म्हणून इथं फारसं कुणी आलं नाही. इस्तंबूलला वळसा घालायची गरज ज्याला जेव्हा पडली तेव्हा गाव जागं झालं, आणि गरज सरली की पुन्हा झोपी गेलं.

तर नकाशा. ग्रीसचा अगदी ईशान्येचा कोपरा धरा. उत्तरेला बल्गेरिया, पूर्वेला तुर्की, खाली एजियन समुद्र. या भागाला थ्रेस म्हणतात. इथून राजधानी अथेन्स रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या घरात, आणि इस्तंबूल तीनशेच्या आसपास. म्हणजे स्वतःच्या राजधानीपेक्षा शेजाऱ्याचं शहर कितीतरी जवळ. तुर्कीची हद्द तर तासाभराच्याही आत येते.

## आधी नाव : हा तो सिकंदर नव्हे

अलेक्झांड्रुपोली म्हणजे अलेक्झांडरचं नगर. हे वाचल्यावर आपल्याला सिकंदर, पोरस, झेलम आठवणार हे ओघानं आलंच. पण या गावाचा सिकंदराशी संबंध नाही. ज्याचं नाव दिलंय तो विसाव्या शतकातला ग्रीसचा तरुण राजा अलेक्झांडर. १९२० मध्ये हा भाग ग्रीसकडे आला, राजानं भेट दिली आणि गावाला त्याचं नाव मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजवाड्याच्या बागेत त्याचा कुत्रा आणि एक माकड यांची जुंपली. सोडवायला गेलेल्या राजाला माकड चावलं, जखम चिघळली आणि सत्ताविसाव्या वर्षी राजा गेला. जगज्जेत्याचं वाटणारं हे नाव खरं तर माकडचाव्यानं मेलेल्या राजाचं आहे.

त्याआधी गावाचं नाव होतं देदेआच. तुर्की शब्द. ‘देदे’ म्हणजे आजोबा, किंवा दर्ग्यातला वडीलधारा दरवेशी. ‘आच’ म्हणजे झाड. कुणी एक म्हातारा दरवेशी इथल्या झाडाखाली राहायचा अशी आख्यायिका आहे. म्हणजे बाबाचं झाड. अशा नावाच्या वाड्या आपल्याकडेही गावोगाव सापडतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे गाव तेवढंच होतं: झाडं, कोळ्यांच्या काही झोपड्या, उथळ किनारा.

## काळा समुद्र नावाचा वाडा

गावाचं नशीब ज्याच्याशी बांधलंय ती गोष्ट आता पाहू. काळा समुद्र हा एक मोठा वाडा समजा. रशिया, युक्रेन, रुमानिया, बल्गेरिया, जॉर्जिया आणि तुर्की ही त्यातली बिऱ्हाडं. वाड्याला बाहेरच्या समुद्रात उघडणारा दरवाजा एकच, तो म्हणजे बॉस्फरसची सामुद्रधुनी, दोन जमिनींमधली पाण्याची चिंचोळी वाट. लांबी सुमारे ३० किलोमीटर, आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी ७०० मीटर. ती थेट इस्तंबूल शहराच्या मधून जाते. पुढं मार्मारा समुद्र ओलांडला की दार्दानेल्सची दुसरी चिंचोळी वाट लागते, आणि मग एजियन.

वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास जहाजं या दारातून ये-जा करतात. मोठं जहाज आत शिरलं की समोरची वाहतूक थांबवतात. धुकं पडलं की सगळंच थांबतं. बाहेर नांगर टाकून रांगेत उभं राहायचं.

आणि दारावर पहारेकरी आहे. १९३६ च्या माँत्रो करारानं हे काम तुर्कीकडे दिलं. शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना मोकळी वाट. लढाऊ जहाजांना मात्र अटी, किती टनांची, किती दिवस, सगळं ठरलेलं. आणि युद्ध जुंपलं तर लढणाऱ्या देशांच्या लढाऊ जहाजांना दार बंद. आपल्या मूळ तळावर परतणाऱ्याला तेवढी सूट.

पुढच्या दारी गर्दी असली किंवा पहारेकरी अडवत असला की माणूस परसदार शोधतो. अलेक्झांड्रुपोली हे ते परसदार. दार्दानेल्सच्या अलीकडेच, एजियनच्या मोकळ्या पाण्यावर जहाज लावा, माल उतरवा, रेल्वेनं किंवा रस्त्यानं उत्तरेला बल्गेरियात न्या. तिथून रुमानिया, तिथून पुढं युक्रेन. इस्तंबूलचं तोंडही पाहायला नको.

## रूळ आले, मग गाव आलं

हे परसदार पहिल्यांदा उघडलं ते ऑटोमन काळात, म्हणजे हा सगळा मुलूख तुर्की सुलतानाच्या साम्राज्यात होता तेव्हा. त्याआधी या भागाचं बंदर होतं एनोस, म्हणजे आजचं तुर्कीतलं एनेझ, एव्रोस नदीच्या मुखाशी. नदीनं गाळ आणून आणून ते बुजवलं. १८७० च्या दशकात बॅरन हिर्श या युरोपीय धनकोच्या कंपनीनं एदिर्नेहून समुद्रापर्यंत रूळ टाकले. एदिर्ने हे आतलं मोठं, जुनं शहर. रुळांचं समुद्राकडचं टोक आलं ते देदेआचला, कोळ्यांच्या झोपड्यांपाशी. धान्य, तंबाखू, लोकर इथून बोटीत चढायला लागलं आणि बघता बघता व्यापारी, दलाल, परदेशी वकिलाती गोळा झाल्या.

१८७७-७८ च्या युद्धात रशियन फौजा इथं येऊन बसल्या. त्या फार काळ राहिल्या नाहीत, पण त्यांच्या अभियंत्यांनी गावाची आखणी करून दिली. समुद्राला समांतर रुंद, सरळ रस्ते आजही तसेच आहेत. ऑटोमन काळातल्या गल्लीबोळांच्या गावांत हे वेगळं उठून दिसतं. १८८० मध्ये एका फ्रेंच कंपनीनं दीपस्तंभ उभारला. पांढरा, गोल, निमुळता. आज गावाचा फोटो म्हणजे हा दीपस्तंभ, आणि संध्याकाळी फिरायला जायचं तेही त्याच्याच पायथ्याशी.

मग १८९६ मध्ये फ्रेंच भांडवलावर दुसरी रेल्वे आली, पश्चिमेकडच्या थेस्सालोनिकी या मोठ्या शहरातून. तिची गंमत ऐका. ऑटोमन लष्कराची अट होती की रूळ किनाऱ्यापासून आत ठेवायचे, शत्रूच्या आरमाराच्या तोफा पोहोचणार नाहीत इतके. म्हणून ही लाइन किनाऱ्यावरची कव्हालासारखी गावं सोडून डोंगरांमधून वळसे घेत जाते. त्या तोफा गेल्या, ते साम्राज्य गेलं, पण वळसे शिल्लक आहेत. आजही थेस्सालोनिकीहून इकडे यायची रेल्वे तीच, एकेरी आणि बिगरविजेची.

## आठ वर्षांत पाच वेळा मालक बदलला

१९१२ पासून जे झालं ते सनावळीत सांगितलं तर डोकं गरगरतं, तरी भरभर सांगतो. नोव्हेंबर १९१२ मध्ये बल्गेरियानं ऑटोमनांकडून गाव घेतलं. जुलै १९१३ मध्ये ग्रीकांनी बल्गेरियाकडून घेतलं. महिनाभरात तह झाला आणि गाव पुन्हा बल्गेरियाला. १९१५ मध्ये तर ऑटोमनांनी बल्गेरियाला नदीकाठची एक पट्टी आपणहून तोडून दिली. का? तर देदेआचला जाणारे रूळ पूर्णपणे बल्गेरियाच्या हद्दीत यावेत म्हणून. रुळांसाठी सीमा सरकवली, म्हणजे या बंदराची किंमत काय असेल बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्या महायुद्धातल्या दोस्तराष्ट्रांच्या, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूच्या आरमारानं बंदरावर तोफा डागल्या.

पहिलं महायुद्ध बल्गेरिया हरला. १९१९ च्या नोयीच्या तहात एजियनचा किनारा त्याच्या हातून गेला. गाव काही महिने दोस्तांच्या, म्हणजे प्रामुख्यानं फ्रेंचांच्या ताब्यात राहिलं आणि मे १९२० मध्ये ग्रीक सैन्य आलं. त्या तहात बल्गेरियाला एक आश्वासन दिलं होतं: जमीन नाही, पण एजियनवर व्यापारापुरती वाट मिळेल. ती काही मिळाली नाही. हे आश्वासन लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४, बल्गेरिया पुन्हा आला, या वेळी जर्मनीचा साथीदार म्हणून. मार्च १९४३ च्या एका रात्री गावातल्या ज्यू कुटुंबांना उठवून नेलं आणि गाडीत भरून ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे धाडलं. गावातली ज्यू वस्ती तिथं संपली.

## पाठचा मुलूख गेला की बंदर काय करतं?

बंदराला समुद्र लागतो तितकाच पाठचा मुलूखही लागतो, जिथून माल येतो आणि जिथं जातो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला पृष्ठप्रदेश म्हणतात. बाजारपेठेच्या गावाला आसपासची खेडी लागतात, तसं.

१९२० नंतर हे गाव ग्रीसचं झालं, पण पाठचा मुलूख तिघांत वाटला गेला. एदिर्ने तुर्कीत, त्यापलीकडची मैदानं बल्गेरियात, आणि ग्रीसकडे नदीकाठची चिंचोळी पट्टी. एव्रोस नदीच सीमा ठरली. बल्गेरियात तिला मारित्सा म्हणतात, तुर्कीत मेरिच. नदी एक, नावं तीन. जुने रूळ मात्र सीमा आखण्यापूर्वीचे. त्यामुळे ग्रीसची गाडी स्वतःच्याच वरच्या गावांना जाताना मध्येच तुर्कीच्या जमिनीवरून जाऊन परत ग्रीसमध्ये यायची. हा प्रकार १९७१ पर्यंत चालला. मग दोन्ही देशांनी आपापले नवे तुकडे बांधले.

दुसरीकडे माणसं येत होती. आशिया मायनरमधलं, म्हणजे आजच्या तुर्कीतलं युद्ध ग्रीस १९२२ मध्ये हरला आणि १९२३ च्या लोझान करारानं दोन्ही देशांत लोकसंख्येची अदलाबदल ठरली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यांतले बरेच या सीमेवरच्या गावांत वसले. पश्चिम, म्हणजे ग्रीसकडच्या थ्रेसच्या मुसलमानांना या अदलाबदलीतून वगळलं होतं, म्हणून या भागात आजही तुर्की बोलणाऱ्यांची आणि मशिदींची गावं आहेत.

पुढं शीतयुद्धात उत्तरेची हद्द म्हणजे पोलादी पडदा, पलीकडे कम्युनिस्ट बल्गेरिया, आणि पूर्वेला तुर्कीशी तणाव. बंदर पेंगलं. गाव चाललं ते छावणीवर, सरकारी नोकऱ्यांवर, आणि नंतर विद्यापीठावर. दिमोक्रितोस विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठं रुग्णालय इथं आहे. ज्याच्यावरून विद्यापीठाला नाव दिलं तो अणूची कल्पना मांडणारा तत्त्वज्ञ याच थ्रेसच्या किनाऱ्यावरचा.

## आधी रशियालाच ही वाट हवी होती

आज हे बंदर रशियाविरोधी फळीचं समजलं जातं. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगायची. मार्च २००७ मध्ये रशिया, बल्गेरिया आणि ग्रीस यांनी अथेन्समध्ये करार केला. रशियन तेल जहाजांनी काळ्या समुद्रावरच्या बल्गेरियाच्या बुर्गास बंदरात आणायचं, तिथून सुमारे २८० किलोमीटरच्या पाइपलाइननं अलेक्झांड्रुपोलीला, आणि इथून पुन्हा जहाजात. कारण तेच, बॉस्फरसची गर्दी. २०११ च्या शेवटी बल्गेरियानं अंग काढून घेतलं आणि योजना बारगळली. बल्गेरियाच्या किनाऱ्यावरच्या लोकांना तेलगळतीची धास्ती होती, पर्यटन बुडेल म्हणून.

परसदार तेच होतं. फक्त त्यातून माल कुणाचा जाणार हे बदललं.

## ‘पण अमेरिकेचं तिथं काय काम?’

हा प्रश्न ग्रीसमध्येही विचारला जातो. इथं कम्युनिस्टांनी अमेरिकी सैन्याविरुद्ध मोर्चेही काढलेत.

२०१० मध्ये बंदरात ओल्गा नावाचं गाळ काढणारं जहाज बुडालं आणि धक्क्याचा एक भाग अडून बसला. गाळ काढायला आणलेलं जहाजच अडथळा झालं. नऊ वर्षं ते तसंच पडून होतं. शेवटी २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पैशातून ते उचललं गेलं. एवढा उपकार उगीच कुणी करत नाही. त्याच वर्षी आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्रीस-अमेरिका संरक्षण करार सुधारून घेतला गेला आणि अलेक्झांड्रुपोली त्यात आलं.

मग फेब्रुवारी २०२२. रशियानं युक्रेनवर चढाई केली आणि महिना संपायच्या आत तुर्कीनं माँत्रो करारावर बोट ठेवून लढाऊ जहाजांना दार बंद केलं. काळ्या समुद्राकाठच्या रुमानिया-बल्गेरियात नाटोला सामान पोहोचवायचंय, तर कुठून? परसदारातून. मोठमोठी मालवाहू जहाजं इथल्या धक्क्याला लागली. चिलखती गाड्या, ट्रक, हेलिकॉप्टर उतरले आणि रेल्वेनं, रस्त्यानं उत्तरेला गेले.

तुर्कीला हे खटकलं. अंकाराचं म्हणणं, हे रशियासाठी कमी आणि आमच्यावर डोळा ठेवण्यासाठी जास्त. ग्रीसला ते पूर्ण नाकारणं जड जातं, कारण अमेरिकी सैन्य इथं असलं की शेजारी वाकडं पाऊल टाकणार नाही, ही भावना गावात उघड आहे. माझ्या मते तुर्कीचा खरा सल वेगळा आहे. शतकानुशतकं दाराच्या पहाऱ्यावर ज्याची ऐट टिकली, त्याला परसदार पुन्हा वाजतं झालेलं कसं आवडेल?

## नळ, टँकर आणि टाकी

आता गॅस. सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाइपलाइनचा गॅस म्हणजे पालिकेचा नळ: स्वस्त, सोयीचा, पण मुख्य वॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात. बल्गेरिया जवळजवळ सगळा गॅस रशियाच्या नळातून घ्यायचा. २७ एप्रिल २०२२ ला रशियानं रूबलमधल्या पैशांवरून वाद घालत तो वॉल्व्ह बंद केला.

नळ गेला की काय करतात? टँकर मागवतात. गॅसचा टँकर म्हणजे एलएनजी, म्हणजे नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून केलेला द्रव. असं केलं की आकारमान सहाशे पटींनी घटतं, सहाशे खोल्यांतला वायू एका खोलीत मावतो. मग तो जहाजातून अमेरिकेहून, कतारहून, कुठूनही आणता येतो. पण पोहोचल्यावर त्याचा पुन्हा वायू करून पाइपात सोडावा लागतो. त्यासाठी किनाऱ्यावर टाक्या आणि यंत्रणा उभारायची, तर वर्षानुवर्षं जातात. दुसरा उपाय, हे सगळं एका जहाजावरच बसवायचं आणि ते समुद्रात बांधून ठेवायचं. टँकर येऊन त्यात रिकामा होणार, ते द्रवाचा वायू करून तळाच्या पाइपातून जमिनीकडे सोडणार. याला तरंगतं टर्मिनल म्हणूया.

अलेक्झांड्रुपोलीचं तरंगतं टर्मिनल गावापासून १७.६ किलोमीटरवर नैऋत्येला समुद्रात उभं आहे. मुळात ते एलएनजी वाहून नेणारं साधं जहाज, सिंगापूरच्या गोदीत त्याचं रूपांतर केलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते इथं आलं आणि १ ऑक्टोबर २०२४ ला व्यापारी काम सुरू झालं. पोटात १ लाख ५३ हजार ५०० घनमीटर द्रव मावतो. वर्षाला साडेपाच अब्ज घनमीटर वायू सोडायची क्षमता आहे. बल्गेरियाची वर्षाची गरज सुमारे तीन अब्ज घनमीटरची, यावरून अंदाज घ्या. इथून वायू ग्रीसच्या जाळ्यात जातो आणि ग्रीसमधल्याच कोमोतिनी गावाहून निघणाऱ्या १८२ किलोमीटरच्या जोडपाइपलाइननं बल्गेरियात. ती २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. पुढं रुमानिया, मोल्दोवा, युक्रेन अशी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ही वाट आखलेली आहे.

या प्रकल्पात पाच भागीदार आहेत, प्रत्येकी २० टक्क्यांचे. त्यांतली एक बल्गेरियाची सरकारी गॅसवाहिनी कंपनी. १९१९ च्या तहातलं ते आश्वासन आठवतंय ना, एजियनवर व्यापाराची वाट? ज्या बंदरासाठी बल्गेरिया तीनदा सैन्य घेऊन आला, तिथं शंभर वर्षांनी तो शेअर विकत घेऊन आला.

तरंगतं टर्मिनल आपल्या कोकणालाही नवं नाही. एप्रिल २०२१ मध्ये भारतातलं असं पहिलं जहाज रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला येऊन लागलं होतं. ते तिथं स्थिरावलं नाही, पुढं निघून गेलं. याउलट दाभोळचं टर्मिनल किनाऱ्यावर पक्कं बांधलेलं. ते कुठं जात नाही. तरंगत्या टर्मिनलचा फायदा आणि तोटा दोन्ही यातच आहेत. लवकर येतं, आणि गरज संपली की नांगर उचलून जाऊ शकतं.

## ‘जहाज फुटलं तर?’

घरच्या सिलिंडरमुळे आपल्याला वाटतं की गॅसची टाकी म्हणजे बॉम्ब. सिलिंडरमधला गॅस दाबानं कोंबलेला असतो. एलएनजी दाबानं नाही, थंडीनं द्रव झालेला असतो, थर्मासमधल्या बर्फासारखा. द्रवरूपात तो पेटत नाही. सांडला तर त्याची वाफ होते, हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली आणि ठिणगी मिळाली तरच आग लागते. धोका शून्य नाही, म्हणून तर जहाज गावापासून इतकं लांब ठेवलंय. १९६० च्या दशकापासून ही जहाजं जगभर फिरतायत आणि त्यांची सुरक्षेची नोंद चांगली आहे.

बिघाड मात्र होतात. २०२५ च्या सुरुवातीलाच इथले पंप नादुरुस्त झाले आणि ऐन हिवाळ्यात पुरवठा थांबला. पूर्ववत व्हायला बरेच महिने गेले. नळाला पर्याय म्हणून आणलेला टँकरच गेटवर बंद पडला तर काय होतं, ते युरोपला दिसलं. मच्छीमारांची तक्रार वेगळी. जहाजाभोवतीचं पाणी त्यांना बंद झालं.

## ‘म्हणजे रशियाच्या जागी अमेरिका, एवढंच ना?’

बरंचसं हो. युरोपीय संघानं २०२७ पर्यंत रशियन गॅसला रामराम करायचं ठरवलंय, आणि इथून जाणाऱ्या गॅसमध्ये अमेरिकेचा माल मोठा असणार हे कुणी लपवत नाही. पण फरक आहे. नळवाला एकच असतो. टँकरवाले चार असतात, एकानं भाव वाढवला तर दुसऱ्याला फोन करता येतो. किंमत मात्र मोजावी लागते. थंड करणं, समुद्र ओलांडणं, पुन्हा तापवणं, हे सगळं बिलात येतं. उन्हाळ्यात टँकरवर भागवणाऱ्या सोसायटीला हे वेगळं सांगायला नको.

‘मग सौरऊर्जा का नाही?’ असाही प्रश्न येतो. तो रास्त आहे. गॅस हे जीवाश्म इंधनच, आणि वाटेत गळणारा मिथेन हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. याला चोख उत्तर कुणाकडे नाही. तरंगतं टर्मिनल उचलून नेता येतं, एवढीच पळवाट आहे.

## नदी, रान आणि ऑगस्ट २०२३

गावाच्या पूर्वेला एव्रोसचा त्रिभुज प्रदेश पसरलाय. १९७५ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत. तीनशेहून जास्त जातींचे पक्षी इथं नोंदले गेलेत. उत्तरेला दादियाचं जंगल, गिधाडांचं माहेरघर. काळ्या गिधाडाची बाल्कनमधली एकमेव वीण वसाहत याच रानात होती.

१९ ऑगस्ट २०२३ ला गावाजवळ आग लागली. वारा होता, रान कोरडं होतं. आग दादियात शिरली आणि दोन आठवड्यांहून जास्त धुमसत राहिली. ८० हजार हेक्टरांहून जास्त, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठं क्षेत्र जळालं. युरोपीय संघात नोंद झालेला हा सगळ्यात मोठा वणवा. धूर आणि ज्वाळा जवळ आल्या तेव्हा त्या मोठ्या रुग्णालयातले रुग्ण रातोरात हलवले. कुठं? बंदरावर उभ्या असलेल्या एका प्रवासी फेरीबोटीत. कॅफेटेरियाच्या फरशीवर गाद्या टाकून म्हाताऱ्या पेशंटना झोपवलं. कुणी सोफ्यावर, हाताला सलाइन लावलेलं. वळसा घालणाऱ्यांसाठी बांधलेलं बंदर त्या रात्री गावाच्या उपयोगी पडलं.

जंगलात वीसच्या आसपास माणसं गेली, बहुतेक स्थलांतरित. एव्रोस ओलांडून युरोपात शिरू पाहणारे सीमेवरच्या पोलिसांपासून लपत रानवाटेनं जातात. नदीकाठी २०१२ पासून कुंपण आहे, पुढं ते वाढवत नेलं. मोबाइलवर गाव सोडण्याचे इशारे गेले, पण ज्यांना गावात येण्याचीच चोरी त्यांनी कुठं जायचं? त्यांनाही इथून पुढंच जायचं होतं.

## ‘आणि गावाला काय मिळतं?’

वाटतं तितकं नाही. गॅस समुद्रतळाच्या पाइपातून निघून जातो, लष्करी ट्रक महामार्गाला लागतात. सरकारनं बंदराचे ६७ टक्के शेअर विकायला काढले होते. अमेरिकी कंपन्याही रांगेत होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनीच सांगून टाकलं की बंदर आता इतकं मोलाचं झालंय की विकायचं नाही. ठीक. पण मोलाच्या बंदराला जोडणारी रेल्वे अजून त्याच जुन्या वळशांची आहे. ती सुधारून थेट काळ्या समुद्रापर्यंत नेण्याची योजना वर्षानुवर्षं कागदावर फिरतेय.

गावाचं रोजचं पोट भरतं ते विद्यार्थ्यांवर, सैनिकांवर, रुग्णालयावर, आसपासच्या कापूस-सूर्यफुलाच्या शेतीवर आणि जवळच्या माक्री गावातल्या जुन्या ऑलिव्हच्या बागांवर. सामोथ्राकी बेटाची बोट इथूनच सुटते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली पंखवाली विजयादेवी १८६३ मध्ये त्याच बेटावर सापडली. तीही इथं राहिली नाही, पुढं गेली.

आणि पाहुणे आहेत. उन्हाळ्यात बल्गेरियातून लोक समुद्रावर येतात, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना एजियन इथून जवळ पडतो. शनिवार-रविवारी तुर्की नंबरप्लेटच्या गाड्या येतात. सरकारं एकमेकांना इशारे देत असताना ही मंडळी दीपस्तंभाजवळच्या खानावळीत तळलेले मासे मागवतात. मेन्यूकार्ड तुर्कीतही छापलेलं असतं. जेवण झालं की दुकानांतून चीज, मांस, दारू अशी तिकडे महाग पडणारी खरेदी डिकीत भरतात आणि संध्याकाळी सीमेकडे वळतात. गेल्या दीडशे वर्षांत या गावात आलेल्यांपैकी, पुढं कुठंही जायचं नसताना आलेले हेच.